मुलीच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मी 'होय' म्हणू शकते का?

एका ताईंचा प्रश्न आहे. त्या परिचारिका आहेत. मंडळीतच वाढल्या, संडेस्कूल, दृढीकरण, गायनमंडळ सगळं झालं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील कर्करोगाने वारले. आजारपणात घरी रोज प्रार्थना होत होती, उपासही झाले. वडील गेल्यावर भेटीला आलेल्या प्रार्थनामंडळातल्या एक बाई म्हणाल्या, "कुठेतरी विश्वास कमी पडला," आणि याकोबाच्या पत्रातलं वचन वाचून दाखवलं, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो, त्याला प्रभूकडून काही मिळणार नाही. तेव्हापासून ताईंना प्रार्थनेला बसलं की काहीच वाटत नाही. विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायची विश्वासाची कबुली, म्हणताना खोटं बोलल्यासारखं होतं, प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, पुढे जायची भीती वाटते. आता पाच महिन्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला आहे. मुलीला ख्रिस्ती विश्वासात वाढवाल का, असं पाळक विचारतील तेव्हा 'होय' म्हणायचं कसं, आणि तोवर रोज काय करायचं, असं त्या विचारतात. त्यांची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे. घरी आईला यातलं काही माहीत नाही.

ताई, जय ख्रिस्त. मी मराठी मंडळ्यांमध्ये पाळक होतो, आता निवृत्त आहे. सेवेची बरीच वर्षं मिशनच्या रुग्णालयात रोग्यांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या भेटी घेण्यात गेली. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना मला बाप्तिस्म्यापेक्षा आधी त्या बाईंचं वाक्य दिसलं. विश्वास म्हणजे मनातली पक्की खात्री, ती पुरेशी असली की मागितलेलं मिळतं आणि नाही मिळालं म्हणजे ती कमी होती, असं एक माप त्यांनी तुमच्या हातात दिलं. तुम्ही गेली दोन वर्षं त्याच मापाने स्वतःला मोजत आहात. ते माप बाजूला ठेवल्याशिवाय 'होय' म्हणावं की नाही यावर मी काहीही सांगितलं तरी तुम्हाला त्याचा उपयोग होणार नाही. म्हणून आधी तेवढं बोलू.

प्रेषित पौलाच्या हातून इफिसात इतके लोक बरे झाले की त्याच्या अंगावरचे रुमाल रोग्यांकडे नेत असत, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्याच पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेतात आजारी असताना मागे ठेवलं. हे त्याने स्वतः तीमथ्याला लिहिलं आहे, आणि कोणाचा विश्वास कमी पडला याबद्दल तिथे एक अक्षर नाही. तीमथ्याचं पोट वारंवार बिघडत असे, त्याला पौल थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो, म्हणजे त्या काळचं औषधच सांगतो. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी पौलाने तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. आणि गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः हा प्याला टळो अशी प्रार्थना केली. प्याला टळला नाही. मागितलेलं मिळालं नाही म्हणजे विश्वास कमी, हा हिशेब लावला तर तो ख्रिस्तालाही लागू होतो. असा हिशेब ख्रिस्ती असूच शकत नाही.

तुम्ही परिचारिका आहात. कर्करोग कोणत्या टप्प्यावर सापडला, किती पसरला होता, शरीराने औषधांना कशी साथ दिली, हे तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं जाणता. तुमच्या वडिलांचा मृत्यू तुमच्या प्रार्थनेची परीक्षा नव्हती. देवाने त्यांना का बरं केलं नाही, हे मला माहीत नाही. माहीत आहे असं सांगणाऱ्या माणसापासून शोकात असलेल्यांनी थोडं लांब राहावं, असं मी नेहमी सांगत आलो. संकटं कोसळलेल्या ईयोबाच्या मित्रांकडे सगळी कारणं तयार होती. शेवटी देव त्यांनाच म्हणतो की माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. ईयोब तर देवाशी भांडत होता!

आता याकोबाचं वचन. ते खरं आहे, पण त्याच्या आधीचं वाक्यही वाचायला हवं. तिथे विषय ज्ञान मागण्याचा आहे. कोणाला ज्ञान उणं असेल तर त्याने देवाजवळ मागावं, देव कोणाला दोष न लावता उदारपणे देतो. याकोब ज्याला रागावतो तो माणूस देवाजवळ मागतो आणि त्याच वेळी दुसरीकडेही मन ठेवून असतो. बापाच्या उशाशी रडत प्रार्थना करणारी मुलगी त्याच्या डोळ्यांसमोर नाही. आणि हाच याकोब पुढच्या अध्यायात म्हणतो की देव एकच आहे हे भुतांनाही पटलेलं आहे, ती थरथर कापतात. म्हणजे नुसती खात्री त्याच्या लेखी फारशी मोलाची नाही. उघड्याला वस्त्र आणि उपाशाला अन्न न देता 'सुखाने जा' म्हणणाऱ्याला तो विचारतो, याचा उपयोग काय? शोकात असलेल्या घरात जाऊन 'विश्वास कमी पडला' म्हणणं मला याच प्रकारात बसणारं वाटतं. त्या बाई वाईट आहेत असं मी म्हणत नाही. बहुतेक त्यांनाही मरणापुढे काय बोलावं ते सुचलं नसेल. पण त्यांचं ते वाक्य तुम्ही बाळगायचं काही कारण नाही.

इथपर्यंत मी ठामपणे लिहिलं. पुढचं मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती मला पूर्ण माहीत नाही.

"माझा विश्वास उरला नाही" हे वाक्य मी पुष्कळांकडून ऐकलं आहे, आणि ते बोलणाऱ्या प्रत्येकाचं दुखणं वेगळं असायचं. कोणाला देवाचा राग आलेला असायचा. रागावलेला माणूस अविश्वासी नसतो, जो नाहीच त्याच्यावर कोणी रागावत नाही. कोणाला मंडळीतल्या माणसांनी दुखावलेलं असायचं, निवडणुकीच्या भांडणांनी, मालमत्तेच्या कोर्टकज्ज्यांनी, आणि ते दुखणं देवाच्या नावावर मांडलं जायचं. कॉलेजातल्या मुलांचे प्रश्न खरोखरच बुद्धीचे असत, उत्क्रांती, इतर धर्म, जगातलं दुःख. त्यांच्याशी वाचन करत, वाद घालत बसावं लागे. तिथे नुसतं सांत्वन केलं तर त्यांचा अपमान व्हायचा. आणि काही जण खरोखर विचार करून देव नाही या निष्कर्षाला आलेले असत. तुमचं पत्र वाचून तुम्ही या शेवटच्या गटात आहात असं मला वाटत नाही. देव नाही असं पटलेल्याला खोटं 'होय' म्हणायची इतकी भीती सहसा वाटत नाही. तरी हे तुमचं तुम्हीच पाहायचं.

एक गोष्ट मात्र मी आधी विचारीन, तुम्हाला ती अध्यात्माबाहेरची वाटली तरी. 'काहीच वाटत नाही' हे फक्त प्रार्थनेत होतं, की बाळाला घेतानाही होतं? जेवणाची चव, झोप, गाणं, कामावरच्या मैत्रिणी यांच्या बाबतीतही तसंच आहे का? वडील जाऊन दोन वर्षं, त्यात गरोदरपण, बाळंतपण, तुटक झोप. बाळंतपणानंतर येणारं नैराश्य काय असतं हे मी तुम्हाला शिकवायला नको, पण स्वतःच्या बाबतीत ते ओळखणं परिचारिकेलाही जमत नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. तो झोपला, उठून भाकर खाल्ली, पाणी प्याला, पुन्हा झोपला, पुन्हा खाल्लं. त्यानंतरच तो होरेब डोंगराकडे निघाला. मन सगळीकडूनच सुन्न झालं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. घरी बोलता येत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे बोला. गोळी घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं, असं तुम्हाला कोणी सांगितलं तर तीमथ्याचं पोट आठवा.

समजा तसं नाही आणि फक्त प्रार्थनेतच कोरडेपणा आहे. मग ऐका. मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या. त्यांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लोक हादरले, कारण वर्षानुवर्षं, जवळजवळ आयुष्याच्या शेवटापर्यंत, देव जवळ आहे असं त्यांना जाणवत नव्हतं. आत अंधार होता. आणि त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या, मरणाऱ्यांना धूत होत्या. कॅथलिक मंडळीने २०१६ मध्ये त्यांना संत म्हणून घोषित केलं तेव्हा ती पत्रं कोणी लपवली नाहीत.

त्यांच्यापेक्षा आपल्या जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. आईवडील दुष्काळात गेले, पुढे भाऊ गेला, मग नवराही गेला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वेळी अडीच वर्षांच्या मनोरमेचाही. आपण मराठी ख्रिस्ती लोक हे अभिमानाने सांगतो. त्यानंतरच्या दोन वर्षांतला त्यांचा पत्रव्यवहार मात्र कमी जण वाचतात. त्रैक्य म्हणजे काय, ख्रिस्ताचं देवत्व कसं समजायचं, बिशपांचं म्हणणं मी का मानायचं, असे प्रश्न त्या आपल्या गुरुस्थानी असलेल्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींना तडफेने विचारत होत्या. पटल्याशिवाय मान डोलावायला त्या तयार नव्हत्या. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की तेव्हा धर्म हाती आला होता, ख्रिस्त अजून आला नव्हता. तो त्यांना मायदेशी परतल्यावर, १८९१च्या सुमारास भेटला. त्याच बाईंनी केडगावला निराधार स्त्रियांसाठी मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ भाषांतून मराठी बायबल तयार करण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. मनोरमा १९२१ मध्ये वारली, पुढच्या वर्षी त्या गेल्या. रमाबाईंच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांच्या मनात पूर्ण खात्री असायला हवी असा कोणी हट्ट धरला असता, तर आईचाही बाप्तिस्मा राहिला असता आणि लेकीचाही.

विश्वासांगीकाराबद्दल तुम्ही 'खोटं' हा शब्द वापरला आहे. तुमच्याच कामावरून विचारतो. रात्रपाळीत पहाटे तीन वाजता प्रत्येक रोग्याविषयी तुमच्या मनात माया दाटून येते का? येत नसणार. तरी औषध वेळेवर जातं, सलाइन बदलली जाते, कूस बदलून दिली जाते. त्या वेळी तुम्ही सेवेचं ढोंग करत असता का? विश्वासाचंही मला तसंच दिसतं. त्यात भावना असते, पण ती त्याची पूर्ण बेरीज नाही. आपण कोणाचे आहोत आणि कोणाच्या भरवशावर पाऊल टाकायचं, हे त्यात जास्त आहे. आणि विश्वासांगीकार तुमच्या एकटीच्या मनाचा अहवाल नाही, मंडळी तो एकत्र म्हणते. पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं, तेव्हा येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं मार्क लिहितो. खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता हे त्याने लिहिलेलंच नाही. ज्या रविवारी तुमच्या तोंडून शब्द निघत नाहीत, त्या रविवारी गप्प उभ्या राहा आणि बाजूच्यांना म्हणू द्या. पुढे कधी तरी त्यांच्यातल्या एखाद्याची तशी वेळ येईल आणि तुम्ही म्हणत असाल.

प्रभुभोजनाची भीती घालायला 'अयोग्य प्रकारे भाकर खाणारा' हे वचन नेहमी पुढे केलं जातं. ते पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं. तिथे काय चाललं होतं ते पाहा. पैसेवाले आधी येऊन खाऊनपिऊन मस्त व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. पौल त्यांच्यावर संतापला आहे, शंका असणाऱ्यांवर नाही. येशूच्या त्या पहिल्या मेजावर त्याचा शिष्य पेत्र होता, त्याच रात्री तो तीनदा येशूची ओळख नाकारणार होता. तुम्ही पुढे जा, ताई. भूक लागली नसतानाही आजारी माणसाला दोन घास भरवतातच.

आता मूळ प्रश्न. 'होय' म्हणायचं का?

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट काढा. अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर आहेत, पुनरुत्थित प्रभू समोर उभा आहे, ते त्याला नमन करतात, आणि मत्तय न लपवता लिहितो की कित्येकांना संशय वाटला. लगेच पुढच्याच वाक्यांत प्रभू त्यांना सांगतो, जा, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या. संशय असणारे एका बाजूला व्हा, असं तो म्हणत नाही. म्हणजे बाप्तिस्म्याची आज्ञाच मुळी अशा घोळक्याला मिळाली, ज्यातल्या काहींची अवस्था तुमच्यासारखी होती. इतकी वर्षं मी तो उतारा बाप्तिस्म्याच्या उपासनेत वाचत आलो, आणि ते आधीचं वाक्य कधी गाळलं नाही.

म्हणून माझं मत असं. तुम्हाला हे मूल ख्रिस्ताच्या मंडळीत वाढावं असं मनापासून वाटत असेल, त्याला प्रार्थना शिकवायची तुमची तयारी असेल, आणि देवाशी तुमचं भांडण चालू असलं तरी तुम्ही त्याच्याकडे तोंड करूनच भांडत असाल, तर 'होय' म्हणा. ते खोटं नाही. दुष्ट आत्म्याने पछाडलेल्या मुलाचा बाप येशूला म्हणाला होता की मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. तोही आपल्या लेकरासाठीच आला होता. त्याच्या एका वाक्यात दोन्ही होतं, आणि ते ऐकून येशूने मुलाला बरं केलं. तुमच्या 'होय'मध्येही दोन्ही असू दे.

पण केवळ आईसाठी, सासरसाठी, फोटोसाठी आणि ठरलेल्या जेवणासाठी म्हणावं लागत असेल, आणि आतून तुम्ही या सगळ्याकडे पाठ फिरवलेली असेल, तर म्हणू नका. देवापुढे सक्तीने दिलेलं वचन मुलीच्याही कामाचं नाही. अशा वेळी तारीख पुढे ढकलता येते. शिवाय १९७० साली नागपूरला आपल्या मंडळ्या एकत्र आल्या, तेव्हा बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी स्वतःच्या कबुलीने घ्यावा असं मानणारे, दोन्ही प्रकारचे लोक त्यात आले. त्यामुळे बाळाचं समर्पण करून आशीर्वाद मागणं आणि बाप्तिस्मा तिच्यावर सोपवणं, हा मार्गही आपल्या मंडळीत मान्य आहे. त्याला कोणी कमी लेखायचं कारण नाही.

काहीही ठरवलं तरी बाप्तिस्म्याच्या आधी तुमच्या पाळकांना भेटा. उपासनेनंतर दारात उभ्याने नको, वेळ मागून घ्या, नवऱ्याला बरोबर न्या. मला लिहिलंत तेवढंच सांगा. चांगला पाळक हे ऐकून घाबरत नाही. त्यांनी उपदेश सुरू केला तर म्हणा, "पाळकसाहेब, आधी माझ्या वडिलांबद्दल ऐकून घ्या." त्या दिवशी मंडळीलाही एक प्रश्न विचारला जातो, या बाळाला वाढवायला तुम्ही हातभार लावाल का, आणि सगळे उभे राहून उत्तर देतात. ते नीट ऐका. ते तुमच्यासाठीही आहे.

रोजचं काय करायचं, तेही विचारलं आहे. थोडंच करा. स्वतःच्या शब्दांत प्रार्थना येत नसेल तर प्रभूची प्रार्थना म्हणा, बाळाला निजवताना मोठ्याने. आठवड्यातून एकदा अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत तक्रार आहे आणि अंधारातच संपतं, शेवटी 'तरीही स्तुती करीन' असं वळणही नाही. ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे म्हणजे असं बोलायची परवानगी आहे. उपासनेला जा, मागे बसा. प्रार्थना चालवायला कोणी सांगितलं तर सध्या नको म्हणा. येशू पुन्हा उठला हे बाकीच्या शिष्यांचं सांगणं थोमा मानायला तयार नव्हता, पण आठ दिवसांनी तो त्यांच्याबरोबर घरातच होता, आणि त्यांनी त्याला हाकलून लावलं नव्हतं. त्याला जे दिसलं ते तिथेच दिसलं. आणि कामावर एखाद्या रोग्याचे नातेवाईक रडत असतील तेव्हा त्यांना कारण सांगू नका, पाणी द्या. हे तुम्ही बहुधा आधीपासून करत असाल. विश्वास मोजायचाच असेल तर याकोबाच्या मापाने हेही मोजा.

आता आईबद्दल. त्यांचा नवरा गेला आहे. त्यांनीही तेच वाक्य ऐकलं असेल, आणि माझ्या अनुभवात अशा घरांत दोघीही तेच दुखणं एकमेकींपासून लपवत असतात. "माझा विश्वास गेला" अशी सुरुवात करू नका, त्या घाबरतील. "आई, त्या बाई म्हणाल्या ते मला अजून टोचतं, तुला टोचतं का?" एवढं विचारा आणि त्यांना बोलू द्या. बाप्तिस्म्याचं त्यानंतर सांगता येईल. त्या बाई समारंभाला आल्या आणि पुन्हा तोच विषय निघाला, तर वाद घालू नका. "माझ्या वडिलांनी शेवटपर्यंत प्रभूवर भरवसा ठेवला," हे खरं असेल तर एवढंच म्हणा, आणि बाळाला त्यांच्या हातात द्या.